घरी अभ्यास घेण्याआधी मुलाचं ऐका: पहिली ते चौथीच्या पालकांसाठी

जूनमध्ये शाळा भरली की पहिलीच्या दारात आई-वडील घुटमळतात. मूल आत जाऊन बसलेलं असतं, पण त्यांचा पाय निघत नाही. मग हळूच विचारतात, "बाई, घरी याचा अभ्यास कसा घ्यायचा?" जिल्हा परिषदेच्या शाळेत वीसहून जास्त वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, त्या काळात या प्रश्नाचं माझं उत्तर बदलत गेलं. आधी सांगायचे, रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्या, पाढे पाठ करून घ्या. आता सांगते, आधी आठवडाभर नुसतं ऐका. मूल कसं वाचतं, कसं मोजतं, कुठे अडखळतं ते ऐका. वर्गात तीस-चाळीस मुलं असली की प्रत्येकाचं असं निवांत ऐकणं मला रोज जमत नाही. तुमच्या घरी एक किंवा दोन मुलं आहेत, तुम्हाला जमेल.

ज्यांचं पहिलंच मूल शाळेत जायला लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. तुमचं स्वतःचं शिक्षण कमी झालं असेल तरी यातलं बरंचसं तुम्हाला करता येईल.

पहिली पायरी: मूल नेमकं कुठे आहे ते पाहा

एक कोरा कागद घ्या. वर दहा सुटी अक्षरं लिहा, क्रमाने नको, कशीही: म, क, ल, ब, स, त, र, न, ग, प. त्याखाली काना-मात्रा नसलेले चार-पाच शब्द लिहा: कमळ, बदक, सरळ, गवत. त्याखाली काना, वेलांटी, मात्रेचे: पाणी, मोर, केळी, दुकान. मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद. शेवटी आठ-दहा ओळींची गोष्ट, तिच्यात दोन-चार जोडाक्षरं येऊ द्या. लिहिणं जमत नसेल तर शेजारच्या मोठ्या मुलीकडून लिहून घ्या.

'प्रथम' या संस्थेची 'असर' ही पाहणी २००५ पासून गावोगाव होते आहे, तिच्यातही मुलांचं वाचन साधारण याच चढत्या क्रमाने तपासतात. बघायचं इतकंच, की मूल कोणत्या टप्प्यापर्यंत सहज जातं आणि कुठून पुढे रेटावं लागतं. अडलं तिथून तुमचं काम सुरू. इयत्ता कोणती ते तूर्त बाजूला ठेवा. तिसरीतलं मूल काना-मात्रेच्या शब्दांवर अडत असेल, तर त्याला तिसरीचा धडा दहा वेळा वाचायला लावून उपयोग नाही.

ही तपासणी करताना चेहरा परीक्षकाचा नको. "मला हा कागद वाचून दाखवतोस का?" इतकंच म्हणा. चुकलं तरी पेनाने खूण करू नका. मूल तुमच्या हातातल्या पेनाकडे बघत बसतं आणि येत असलेलंही विसरतं.

एका गोष्टीला बहुतेक पालक फसतात. पहिलीतलं मूल अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवतं आणि घरच्यांना वाटतं, वाचायला आलं! पुष्कळदा तो धडा वर्गात ऐकून तोंडपाठ झालेला असतो. खात्री करायला धड्याच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि हा कोणता म्हणून विचारा. मूल मनातल्या मनात धडा पहिल्यापासून म्हणत तिथवर आलं, तर ते अजून वाचत नाही, आठवतंय. यात काळजीचं काही नाही, वाचनाच्या वाटेवर हा टप्पा लागतोच. पण तो ओळखू आला पाहिजे.

दुसरी पायरी: रोज पंधरा मिनिटं वाचन

वेळ ठरवा. स्वयंपाक चालू असताना मूल ओट्याजवळ बसून वाचू शकतं, दुकानात गिऱ्हाईक नसताना वाचू शकतं, रात्री जेवणं झाल्यावर वाचू शकतं. पण ठरलेली वेळ रोज तीच ठेवा. पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका, पहिलीतल्या मुलाला तर दहाही पुष्कळ होतात.

मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. पोरं 'पुस्तक' या शब्दाचं 'पुसतक' करतात, आपणच म्हटलेलं ऐकतात, आणि एकदम डोळे चमकतात: "पुस्तक!" हा चमकण्याचा क्षण मुलाचा आहे. आपण घाईने शब्द सांगून टाकला तर तो हातचा जातो. पाच मोजूनही जमलं नाही तर सांगा आणि पुढे चला, त्यावर भाषण नको.

पान संपलं की विचारा, "मग काय झालं?" वाचलेलं समजलं की नाही हे या एका प्रश्नात कळतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला अक्षरओळख नव्हती. शेतातून आल्यावर ती लेकीला समोर बसवायची आणि म्हणायची, "वाच, आता मला माझ्या बोलीत सांग." मुलगी जे वाचायची ते आईला आपल्या शब्दांत समजावून द्यायची. दुसरीच्या दिवाळीपर्यंत ती वर्गात सगळ्यात समजून वाचणारी झाली. त्या आईने एक अक्षरही शिकवलं नव्हतं. पालकसभेत मी तिचं उदाहरण दिलं तेव्हा ती लाजून खाली बघत होती, पण मला आजही वाटतं, आमच्या गावातली उत्तम शिक्षिका ती होती.

याच्या जोडीला तुम्ही मुलाला वाचून दाखवा. मुलाला स्वतःला जेवढं वाचता येतं त्याहून थोडं वरचं निवडा, कारण ऐकून कळण्याची मुलांची ताकद वाचून कळण्याच्या ताकदीपेक्षा पुष्कळ पुढे असते. पुस्तकं विकत घ्यावीच लागतात असं नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं तिच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. मी पालकांना मुद्दाम सांगते, एक इयत्ता खालची 'बालभारती' घ्या, आपल्याला ती सहज वाचता येते याचा मुलाला फार आनंद होतो. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंकही ऑनलाइन मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठीतल्या चित्रकथा पातळीप्रमाणे लावलेल्या सापडतात. मोबाइल द्यायचाच असेल तर यासाठी द्या, आणि शेजारी बसून.

घरात गोंडी, कोरकू, पावरी, बंजारा असं काही बोलत असाल, तर गोष्ट त्याच भाषेत सांगा. गोष्टीला सुरुवात असते, मध्ये अडचण येते, शेवटी ती सुटते, हे मुलाला आपल्या भाषेत उमगलेलं असलं की मराठी धडा समजणं सोपं जातं. मूल इंग्रजी माध्यमात असेल तरी माझं सांगणं हेच. घरी मोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा भरपूर, नीट मराठी बोला आणि शाळेत आज काय शिकवलं ते त्याला मराठीत सांगायला लावा. मराठीत सांगता आलं तर समजलंय, नाहीतर नुसतं पाठ झालंय.

तिसरी पायरी: अक्षरांच्या अडचणी ओळखा

तुम्ही बाराखडी शिकलात, तुमचं मूल चौदाखडी शिकतं. बॅट आणि बॉल यांच्यातले ॲ आणि ऑ हे स्वर त्यात आले आहेत. "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणून त्याला गोंधळवू नका. शाळेत ग, म, भ, न असे अक्षरांचे गट करून शिकवतात, कारण दोन-चार अक्षरं आली की लगेच शब्द तयार होतो. घरी मात्र 'क ख ग घ' ओळीने घोटत बसलात की मूल दोन वाटांवर एकदम चालायला लागतं. वर्गात सध्या कोणता गट चालू आहे ते बाईंना विचारा आणि तीच अक्षरं घरी घ्या.

सगळ्यात जास्त मुलं 'र'पाशी अडतात. सूर्यावरचा रफार, चक्रातली तिरपी रेघ, ट्रकातलं उलटं छत्र आणि दऱ्याखोऱ्यांतला अर्धा र. एकच र चार वेशांत समोर येतो आणि मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं की हा तोच आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्ही मोठ्याने म्हणून दाखवा, फरक कानाला कळतो. मग डोळ्याला दाखवा. एका आठवड्याला एकच वेश घ्या. दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावं, लग्नपत्रिका यांतून तो शोधायला लावा. पोरं हा खेळ फार आवडीने खेळतात.

ऱ्हस्व-दीर्घाच्या मागे पहिली-दुसरीत लागू नका. मुलाने 'पाणी'ऐवजी 'पाणि' लिहिलं तर आधी त्याने शब्द लिहिला याचा आनंद माना. भरपूर वाचणाऱ्या मुलाची वेलांटी बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते.

लिहिण्याबद्दल एवढंच. एकच ओळ वीस वेळा लिहून घेऊ नका. चौथ्या-पाचव्या ओळीपासून हात चालतो आणि डोकं दुसरीकडे असतं, शिवाय पहिली चूक वीस वेळा गिरवली जाते. त्याऐवजी किराणा मालाची यादी मुलाकडून लिहून घ्या, आजीला चिठ्ठी लिहायला सांगा, आज काय काय केलं ते दोन ओळींत लिहायला सांगा. यादी दुकानदाराला वाचता आली पाहिजे, ही अट मुलांना पटते.

चौथी पायरी: आकडे

इथे जरा थांबते, कारण घराघरांत रडारड होते ती इथेच.

मराठीत एकवीस ते नव्याण्णव या संख्यांची नावं मुलासाठी अवघड आहेत. 'त्रेसष्ट' म्हणताना कानावर आधी तीन येतो आणि मग साठ. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहितं, ३६. तुम्ही ओरडता, "त्रेसष्ट सांगितलं, छत्तीस काय लिहितोस!" मुलाने तर जे ऐकलं तेच इमानाने लिहिलेलं असतं. त्यातून 'एकोण' येतं. एकोणतीस हा तिसाच्या घरातला वाटतो, पण आहे विसाच्या घरातला. एकोण म्हणजे एकाने उणे, तिसाला एक कमी. हे कोणी सांगितलं नाही तर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे सगळे अंधारात पाठ करायचे शब्द राहतात. आणि एकोणनव्वदपर्यंत ही रीत मुलाला जरा पचते आहे, तोवर पुढे नव्याण्णव येतो आणि रीत मोडतो.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचनही दिलं, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. गणिताच्या समितीचं काम पाहणाऱ्या मंगला नारळीकर यांनी मुलांची हीच अडचण मांडली होती. वादात कोणी कुठलीही बाजू घेवो, वर्गात मला दिसतं ते सांगते: 'साठ आणि तीन, म्हणजे त्रेसष्ट' असं जोडून म्हटलं की आकडा उलटा लिहिणं झपाट्याने कमी होतं. म्हणून घरी दोन्ही म्हणा. जुनं नाव मुलाला बाजारात लागणारच आहे, आणि सुटं करून म्हटलेलं नाव वहीत लागतं.

हे करायचं कसं? चिंचोके किंवा झाडूच्या काड्या घ्या. दहा-दहा काड्यांना रबर लावून जुड्या बांधा, उरलेल्या सुट्या ठेवा. "त्रेसष्ट दे" म्हटलं की मुलाने सहा जुड्या आणि तीन सुट्या द्यायच्या. "एकोणतीस दे." दोन जुड्या आणि नऊ सुट्या देतं का पाहा. मग आणखी एक काडी द्या आणि तिसरी जुडी त्याला स्वतः बांधू द्या. एकाने उणे म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळतं. काड्यांनंतर दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या. वजाबाकीत 'हातचा' घेणं म्हणजे दहाची नोट मोडून सुटे घेणं, हे नोटांवर शिकलेलं मूल विसरत नाही.

पाढेही आधी मांडून दाखवा. चाराचा पाढा म्हणजे चार-चार चिंचोक्यांच्या रांगा. चार साते किती ते आठवलं नाही, तर चार पाचे वीस आणि वर दोन रांगा, असं मुलाला शोधून काढता आलं पाहिजे. त्यानंतर पाठ करून घ्या, खुशाल चालीवर म्हणून घ्या. पाठांतराला माझा विरोध नाही. पायाखाली काही नसताना केलेलं पाठांतर महिन्याभरात वाहून जातं, म्हणून आधी मांडणी.

आणि मराठीचं एक धन घरी जरूर वापरा: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पुढे अपूर्णांक आला की मुलं घाबरतात, पण ज्याने भाजीवाल्याकडे पाव किलो वांगी आणि सव्वा किलो बटाटे मागितलेत, त्याला पाव आणि सव्वा हातात धरून माहीत असतात. मुलाला बाजारात न्या. अडीचशे ग्रॅम म्हणजेच पाव किलो, हे त्याला काट्यावर बघू द्या. घड्याळात सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा दाखवा. भाकरीचे चार भाग करून "पाऊण भाकरी कोणाला?" विचारा. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

पाचवी पायरी: गृहपाठ, प्रकल्प, शिकवणी

गृहपाठ मुलाचा आहे. तुम्ही शेजारी बसा, तुमचं काहीतरी काम करत बसा, पण त्याच्या वहीत लिहू नका. चुकलेला गृहपाठ आमच्यासाठी फार मोलाचा असतो, कारण मूल कुठे अडलं ते त्यातूनच दिसतं. तुम्ही दुरुस्त करून दिलेली चकाचक वही मला काहीच सांगत नाही. प्रकल्पाचंही तेच. थर्माकोलचा किल्ला बाबांनी रात्री जागून केला, तर शिकले बाबा.

पहिली-दुसरीच्या मुलाला शिकवणी लावायची का, असं विचारतात. माझं स्पष्ट मत, नको. शाळेतून दमून आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला खेळायला हवं. तेच पैसे साठवून दर महिन्याला एक गोष्टीचं पुस्तक घ्या.

अभ्यासाच्या वेळी हात उगारू नका. शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई केली, ती उगीच नाही. मार खाल्लेलं मूल आकडा बघत नाही, तुमचा हात बघतं. तुम्ही दमलेले असाल, चिडचिड होत असेल, तर त्या दिवशी वह्या मिटा आणि गोष्ट सांगा. एक दिवस बुडाल्याने काही बिघडत नाही.

झोपेचंही बघा. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने ठरवलं, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असेल तर त्याचा काय उपयोग?

सहावी पायरी: शाळेशी बोला

"आमचा कसा आहे अभ्यासात?" असं विचारलंत की आम्हीही "ठीक आहे, लक्ष द्या" म्हणून मोकळे होतो. नेमकं विचारा. न पाहिलेला परिच्छेद त्याला वाचता येतो का? हातच्याची बेरीज येते का? वर्गात प्रश्न विचारतो का? प्रगतिपुस्तकावरच्या श्रेणीपेक्षा या तीन उत्तरांतून तुम्हाला जास्त कळेल. केंद्राच्या निपुण भारत अभियानाने २०२१ मध्ये तिसरीअखेर समजून वाचणं आणि साधं गणित येणं हे उद्दिष्ट ठरवलंय, तेव्हा हे विचारणं तुमच्या हक्काचं आहे. तिसरी हा टप्पा निवडलाय त्याला कारण आहे. चौथीत परिसर अभ्यासाची दोन-दोन पुस्तकं येतात, शिवरायांचा इतिहास येतो. तिथे मूल वाचायला शिकत नसतं, शिकण्यासाठी वाचत असतं. वाचन कच्चं असलेलं मूल मग सगळ्याच विषयांत मागे पडतं.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, असा कायदाच आहे. सभेला जा. वर्गातली गोष्टीची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत का, ती मुलांना घरी न्यायला मिळतात का, एवढं विचारलंत तरी पुष्कळ फरक पडतो.

नेमाने बसवूनही तिसरीतलं मूल साधे शब्द वाचू शकत नसेल, तर त्याला आळशी ठरवू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना सांगा. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून दोन वर्षं 'ढ' ठरलेली मुलं मी पाहिली आहेत, चष्मा लागला आणि वाचायला लागली. दिसणं-ऐकणं ठीक असूनही अक्षरं उलटसुलट होत असतील, एकच शब्द दर ओळीत नव्याने अडत असेल, तर मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गाठा. तिथे पैसे लागत नाहीत.

पहिल्या पायरीतला तो कागद टाकू नका. त्यावर तारीख घाला आणि पुस्तकांच्या कप्प्यात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत तशाच धर्तीचा दुसरा कागद करा, शब्द आणि गोष्ट मात्र नवीन घ्या, आणि पुन्हा शेजारी बसून ऐका. मग दोन्ही कागद मुलाच्या हातात द्या. जूनमध्ये अडलेला शब्द ते आता स्वतःच शोधून काढतं आणि तुम्हाला वाचून दाखवतं.